दोन उलट, दोन सुलट

॥ श्री ॥
मस्तगड, जालना
१४ डिसेंबर १९४६

चि. काकासाहेब यास अक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

घरात घोर प्रसंग गुदरला आहे, तो आधी कळवते. काळीज घट्ट करून वाच. माझी विणायची सुई वाकली. आपली आपण न्हाई वाकली. तुझ्या दाजींनी तिच्यानं पायजम्यात नाडी ओवली. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाला नाडी ओवायला दातवणाची काडी पुरत होती. परवा मात्र लोखंडच लागलं. नाडी अर्ध्या वाटेत अडकली, यांनी जोर लावला, आणि सुईचा विळा झाला. मी बोलले तर म्हणतात, एक गेली तर दुसरी आहे ना, एकीवर भागव. बाजारात नवी मिळेना. दुकानदार म्हणतो की लढाई संपली, पण माल अजून घरी आला न्हाई. शेवटी सायकलवाल्याकडून चाकाची तार तासून घेतली. आता विणताना मला उगाच कुठंतरी निघाल्यासारखं वाटतं.

थंडी बाकी मन लावून पडून राह्यली आहे. शुक्रवारची दुपार तेवढी ऊबदार जाते. भांडी झाली की गल्लीतल्या सात-आठ जणी माझ्या ओसरीवर विणायला येतात. समोरची द्वारकाबाई बत्ती लावायची वेळ झाली तरी उठत न्हाई. आशाबाई माहेरच्या मेंढरांची लोकर स्वतः कातून आणते; ती इतकी टोचते की अंगात घातलेला माणूस खोटं बोलू शकायचा न्हाई. सगुणाबाई दोन वर्षं एकच मोजा विणते. दुसऱ्या पायाचा विषय तिनं अजून काढलेला न्हाई, पण हरभऱ्याचे घाटे भाजून आणते म्हणून तिला सगळं माफ.

त्या विणतात आणि मी कादंबरी वाचते. पुस्तकाची पहिली पानं उंदरांनी आधीच वाचून संपवली, त्यामुळं नाव कळत न्हाई. त्यानं आमचं अडत न्हाई. त्यातल्या थोरल्या दिराला तर बायकांनी इतक्या शिव्या घातल्यात की तो पुस्तकाबाहेर आला तर मस्तगडात त्याला पाणी मिळायचं न्हाई.

नंदाबाईनं बाळाच्या स्वेटरची वीण विचारली होती, ती तिला वाचून दाखव. काठाला दोन उलट, दोन सुलट, पुन्हा दोन उलट. मंग सगळं सुलट. गळ्यापर्यंत आलं की एकेक टाका कमी करत जायचं, घाई न्हाई. दोन्ही खांदे बराबर उतरवायचे.

माया आहेच. थंडीत ती आकसू देऊ नकोस.

तुझी अक्का,
झुंबर

॥ श्री ॥
वडीगोद्री
२७ डिसेंबर १९४६

ती. अक्कास काकासाहेबचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पावलं. मला ते टपालवाल्यानं दिलं न्हाई. तालुक्याच्या कचेरीत बोलावून, समोर उभं करून पेशकारानं, तिथल्या कारकुनानं, दिलं. पाकीट फोडलेलं होतं आणि सोबत त्याचा उर्दू तर्जुमा जोडला होता.

तू हसशील म्हणून आधीच सांगतो, हसण्यावारी नेऊ नकोस. तर्जुमा करणाऱ्या मुन्शीला मराठी बेताचीच. तुझ्या दोन उलटचं त्यानं 'उलट दो' केलं. म्हणजे उलथून टाका. मंग सगळं सुलट. मंग गळ्यापर्यंत पोचा, एकेकाला कमी करत जा, घाई नको, दोघांचे खांदे उतरवा. तहसीलदार साहेबांनी मला विचारलं की पाटील, हे दोघे कोण. मी म्हणालो, माझ्या लेकराचे खांदे आहेत. ते म्हणाले की लोकर उलटवायची का सरकार, ते आम्ही बघून घेऊ.

त्यांना तुझे शुक्रवारही ठाऊक आहेत. परवानगीशिवाय जलसा, म्हणजे सभा, भरवायचा न्हाई असा हुकूम आहे, आणि बायका जमवून बेनाम किताब वाचणं हा जलसाच, असं त्यांचं म्हणणं. तुझ्याकडं जमादार मुचलका घेऊन येईल. यापुढं बायका जमवून वाचणार न्हाई, एवढंच लिहून मागतात. सही करून टाक. तू केली न्हाईस तर आपल्या घरची पोलीसपाटीलकी काढून घेतील, हे मला तोंडावर सांगितलं आहे.

अक्का, मी भित्रा न्हाई. पण घरात तान्हं पोर आहे आणि दिवस कसे आहेत ते तुला दिसतंच. विण, पण एकटी विण. वाच, पण मनात वाच. एवढं माझं ऐक.

तुझ्या पायाशी असलेला लोभ पूर्वीसारखाच ठेवावा.

तुझा,
काकासाहेब

॥ श्री ॥
मस्तगड, जालना
४ जानेवारी १९४७

चि. काकासाहेब यास आशीर्वाद. या खेपेला थोडे कमी. वि. वि.

जमादार येऊन गेला. ऐन वाचनात आला, सासूनं दार लावून घेतलं त्या पानावर. आधी किताबीचं नाव विचारलं. मी म्हणाले, ठाऊक न्हाई. त्यानं लिहून घेतलं. लिहिणाऱ्याचं नाव विचारलं. तेही ठाऊक न्हाई म्हणाले. त्याचा चेहरा असा खुलला की जणू बंदूकच सापडली. मंग आवाज चढवून म्हणाला, इस जलसे का सदर कौन, म्हणजे अध्यक्ष कोण. सगुणाबाईला वाटलं सदऱ्याचं विचारून राह्यला. तिनं पुढं होऊन अदबीनं सांगितलं की सदरा न्हाई भाऊ, मोजा आहे, आणि तोसुद्धा एकच. जमादारानं मोजा हातात घेऊन आत बोटं घालून पाहिली. आत सगुणाबाईची सुपारी निघाली.

मंग मुचलका काढला. मी तो पुरता वाचला आणि परत दिला. सही येते म्हणूनच करत न्हाई, असं त्याला सांगितलं. अंगठा उठवणारी असते तर कुणीतरी हात धरून उठवून घेतला असता. तुझे दाजी आतून ऐकत होते. जमादारानं त्यांना हाक मारून विचारलं, तर म्हणाले की या घरात मला नाडी ओवायचीही मुभा राह्यली न्हाई, मी काय सांगू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा माणूस मला कामाचा वाटला.

आता तुझं. एकटी विण, मनात वाच, असं तू लिहिलंस. मी वाचीन रे मनात. पण द्वारकाबाईला अक्षर ओळखता येत न्हाई, तिनं कुणाच्या मनात वाचायचं? सहा दिवस ती घरात दुसऱ्यांचं ऐकते. सातव्या दिवशी ती बसते, आणि तिला जे ऐकावंसं वाटतं ते ऐकते. आठवड्यात तिच्या वाट्याला एवढंच येतं. ते काढून घ्यायच्या कागदावर माझी सही तू मागतोस. पाटीलकी जाईल, हे मला कळतं. वाईटही वाटतं. पण एका मोज्यानं ढासळणारी पाटीलकी आपण अजून किती दिवस टेकू देऊन उभी करणार?

आणि हुकूम आम्ही मोडलेला न्हाई. हुकूम जमण्याविरुद्ध आहे ना? मंग आम्ही जमतच न्हाई. काल शुक्रवारी जी ती आपापल्या ओट्यावर बसली, आपापल्या घरी, आपापल्या लोकरीसह. गल्ली अरुंद आहे आणि माझा आवाज कसा आहे ते तुला लहानपणापासून ठाऊक आहे. पूर्वी आठ जणी ऐकायच्या, आता अख्खी गल्ली ऐकते. पाळतीवर एक शिपाई नेमलाय. घोळका धरायला आला, तर गल्लीच्या मधोमध तोच एकटा उभा. गोष्टीतली नवरी मागच्या दारानं निघते तिथं तो खाकरला, तर द्वारकाबाईनं त्याला गप बस म्हणून दटावलं. द्वारकाबाईनं! जी नवऱ्यासमोर शिंकत न्हाई.

तू कचेरीत जे सांगायचं ते सांग. मी सही करणार न्हाई.

रागावलास तरी लिहीत जा.

अक्का

॥ श्री ॥
वडीगोद्री
१२ जानेवारी १९४७

ती. अक्काबाईस नंदाबाईचा पदर लावून नमस्कार. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, समजून घ्या. तुम्हीच शिकवलंय. ह्यांनी मला लिहू नको म्हणून बजावलंय, म्हणून लिहून राह्यले.

तुमचं पत्र पोचलं. मंग परत कचेरीतून बोलावणं आलं. तिथं ह्यांना लिहून मागितलं की बहिणीचं पत्र फितुरीचं आहे आणि माझा तिच्याशी संबंध न्हाई. जाताना हे माझ्या टोपलीतून बाळाच्या स्वेटरचा पुढचा भाग सुयांसकट घेऊन गेल्ते. मला वाटलं, उंदरानं नेला.

पुढचं मला कोतवाल पुंजारामानं सांगितलं, तो संगं गेल्ता. ह्यांनी लिहून देणार न्हाई म्हणून सांगितलं. खुर्ची ओढली, फेट्याचा शेमला मागं टाकला आणि साहेबापुढं विणायला बसले! पाय मोडून तुमच्याकडं पडले होते त्या हिवाळ्यात तुम्ही शिकवलं म्हणे. आम्हाला इतक्या वर्षांत पत्ता न्हाई. पुंजाराम म्हणतो की सगळी कचेरी दाराशी गोळा झाली. हे एकेक टाका उचलून दाखवायचे. हा उलट. हा सुलट. मंग हात थांबवून म्हणाले की साहेब, मघापासून इतकं उलटवलं, आता सरकार कुठं कलंडलं तेवढं दाखवा. मुन्शी हसला. साहेब न्हाई हसले. त्यांनी ते विणकाम सुयांसकट ओढून घेतलं आणि पुरावा म्हणून मिसलीच्या कागदांत बांधून ठेवलं.

पाटीलकीचं काय होणार, अजून समजलं न्हाई. बहुतेक जाईल. चावडीवर लोक हसले, तर हे म्हणाले, जो हसंल त्यानं पायाचं माप देऊन जावं. घरी आल्यावर मात्र भाकरी पोटभर खाल्ली, लई दिवसांनी.

मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका. माया राहू द्या.

तुमची,
नंदाबाई

॥ श्री ॥
मस्तगड, जालना
१८ जानेवारी १९४७

चि. काकासाहेब यास अनेक उत्तम आशीर्वाद, मागच्या खेपेला कापलेले धरून. वि. वि.

मला कुणी काही कळवलेलं न्हाई. तरी ऐकलं की तालुक्याच्या कचेरीत एका पाटलानं फार सैल विणलं. मी शिकवलेला माणूस इतकं सैल विणणार न्हाई, तेव्हा तो दुसराच कुणी असावा.

जमादार मुचलका घेऊन पुन्हा आल्ता. पुन्हा परत गेला. आता मला कचेरीत बोलावणार आहेत म्हणे. बोलावू देत, पुस्तक बरोबर नेते. तोवर शुक्रवार चुकवलेला न्हाई. काल संक्रांतीचे तीळ संपवता संपवता आम्ही थोरल्या दिराला संपवला. कॉलऱ्यानं गेला. बायका समाधानी आहेत, फक्त सगुणाबाईला तो फार लवकर सुटला असं वाटतं. हे पत्र फोडणाऱ्या मुन्शींनाही कळवते की गोष्टीचा शेवट गोड आहे. त्यांनी उगाच झोप उडवून घेऊ नये.

सोबत एक पुडकं आहे, ते नंदाबाईच्या हाती दे. बाळाच्या स्वेटरचा पुढचा भाग आहे. काल ओट्या-ओट्यावरून फिरला, प्रत्येकीनं आपापल्या लोकरीनं चार-दोन ओळी घातल्या, म्हणून पट्टे असे चढउतार झालेत. आशाबाईची लोकर आतून टोचेल. त्याला अस्तर लाव. माझ्या पत्रापायी बाळाचा एक भाग कचेरीत अडकला, तेव्हा हा माझ्याकडून. त्यावर नंदाबाईला उलट उत्तर लिहायला लावू नकोस, आणि तूही काही लिहू नकोस.

अक्का