दुसऱ्याच्या सुईवर हात

११ नोव्हेंबर, मंगळवार

रिट्रीट! आमच्या विणकामाच्या सहलीला आता रिट्रीट म्हणायचं. हे रुचीनं ठरवलं. रुची म्हणजे गोंदियातली नवी सून, मोबाईलवर बघून विणायला शिकलेली, आणि सहा महिन्यांत आमच्या मंडळाची सेक्रेटरी! सव्वीस वर्षं कुडव्यात माझ्या समोरच्या खोलीत हा वर्ग चालतो आहे. किती बायका इथं बसून सुलट-उलट शिकल्या. पण मला विचारलं कुणी? थेट छापील कागद हातात दिला — अकरा बायका, जबलपूरची गाडी, नैनपूरच्या पुढं डोंगरात एक फार्महाउस, तीन रात्री. खाली सूचना: खोलीत बसून विणायचं नाही, सगळ्यांच्या पिशव्या हॉलमध्ये एकत्र राहतील. "मॅडम, उससे बॉन्डिंग होती है."

म्हणे बॉन्डिंग!

मी पण सांगून टाकलं — पिशव्या कुठंही ठेवा, माझा नियम बदलणार नाही. दुसऱ्याच्या सुईवर हात टाकायचा नाही. कुणाचा हात सैल, कुणाचा घट्ट. एकीचं काम दुसरीनं दोन ओळी जरी पुढं नेलं तरी कापड बोलतं. आणि जिनं हात लावला तिनंच ते सगळ्यांसमोर बसून उसवायचं. सव्वीस वर्षांत फक्त दोनदा ही वेळ आली, आणि दोघीही रडल्या होत्या.

यादीवर सही केली तर रुची म्हणते, "मॅडम, थोडं मोठं लिहा ना, नाव वाचता येत नाही." चष्मा लाव म्हटलं.

१३ नोव्हेंबर

पिशवी भरली. शालीकरामचा स्वेटर घेतला, पाठ अर्धी झाली आहे. शालीकराम माझा भाऊ, देवरीला असतो, जंगलखात्यात होता. दर थंडीला त्याला माझ्या हातचा एक. दुकानातला तो अंगाला लावत नाही. दरवर्षी भाऊबीजेला देते, यंदा भाऊबीज गेली तरी झाला नाही. वर्ग, पाहुणे, एक ना दोन! तिथं पूर्ण करूनच उठायचं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पोचलो. अंग आंबलं आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

गाडीत रुचीनं मला कुठं बसवलं? दाराजवळ! "मॅडम, यहाँ से उतरना ईझी रहेगा." जशी काही मी नव्वदीची. शेवटी सुमित्रानं आपली खिडकी दिली. सुमित्रा माझी पहिली विद्यार्थिनी, जवळच्या नागरा गावची. आली तेव्हा सुई कशी धरतात ठाऊक नव्हतं. आज माझ्यानंतर वर्गात तीच. एकच खोड — हात घट्ट. सव्वीस वर्षं ओरडते आहे, सैल सोड बाई, लोकरीला श्वास घेऊ दे! हसते आणि पुन्हा आवळते.

बालाघाट सुटलं आणि जंगल लागलं, मग डोंगर. छोटी लाइन, म्हणजे नॅरोगेज, होती तेव्हा हीच गाडी इतकी रमतगमत जायची की उतरून बोरं तोडून परत चढावं. आता भर्रकन जाते. बायकांना डोंगर बघायला वेळ कुठं, सगळ्या फोटो काढण्यात दंग. मी विणलं. चौदा ओळी झाल्या. बोटं आखडली, बाहेर गारठा होताच.

आणि सुमित्रा! मी पाण्याची बाटली घेतली तर माझ्या हातातून काढून घेतली, झाकण उघडून परत दिली. मी काय लुळी आहे? मग किती वेळ माझ्या हाताकडंच बघत बसली.

"काय बघतेस गं?"

"काई नाही, मॅडम."

१५ नोव्हेंबर, शनिवार

माझ्या स्वेटरला कुणीतरी हात लावला!!

सकाळी हॉलमध्ये उन्हात पसरला आणि डोळ्यांवर विश्वास बसेना. वरच्या चौदा ओळी घट्ट. टाक्यात सुईचं टोक शिरत नाही. पाठ तिथं दोन बोटं आत गेली आहे. माझा हात असा? माझा? पुन्हा पुन्हा मोजल्या, चौदाच. म्हणजे माझ्या चौदा उसवल्या आणि तेवढ्याच पुन्हा विणून ठेवल्या, मला कळू नये म्हणून. केवढी ती हुशारी! काल घडी घातली तेव्हा नीट असणारच. मी काय वाकडं काम घडी घालून ठेवीन?

रुचीवर पहिला संशय. पण रुचीला एवढं येत नाही. मग आठवलं, आज पहाटे सगळ्यांच्या आधी उठून पिशव्यांजवळ चहा घेऊन कोण बसलं होतं? सुमित्रा.

आणि घट्ट हात कुणाचा?

दिवसभर तिच्याशी बोलले नाही. जेवताना तिनं माझ्या ताटातली पोळी मोडून दिली. मी ताटच सरकवलं. मला मोडलेली पोळी देते, आणि माझ्या मागं माझं काम सुधारते! म्हणजे हिला वाटतं काय, मॅडमचा हात गेला, आता मीच मॅडम? सरळ तोंडावर सांगितलं असतं तरी चाललं असतं. हे असं चोरून? मला राग आला आहे, आणि रागाच्या खाली फार वाईटही वाटतं आहे. इतर कुणी केलं असतं तर चाललं असतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज केलं एकदाचं.

सकाळी सगळ्या गोल बसल्या. रुची काहीतरी "मन की शांती" सांगत होती. मी स्वेटर नेऊन मधोमध टाकला. "कुणाचा हात आहे हा?"

स्वेटर हातोहात फिरला. एक पुटपुटली, "घट्ट आहे..." आणि सगळ्यांच्या नजरा सुमित्राकडं गेल्या. तिच्याकडं पोचला तेव्हा तिनं तो मांडीवर घेतला. अंगठा एकेका ओळीवरून फिरवला, पार शेवटपर्यंत. मग माझ्याकडं पाहिलं. चेहऱ्याकडं नाही, हाताकडं.

म्हणाली, "माहाच हात आहे, मॅडम. चुकलं माहं."

"काऊन केलं?" मी ओरडलेच. माझ्याही तोंडात देवरीची बोली आली.

"असंच."

असंच! म्हटलं, नियम ठाऊक आहे ना? उसव. तिनं सुई काढली आणि उसवायला लागली. चौदा ओळी. कुणी चहाचा कपसुद्धा उचलला नाही. लोकर बोटांभोवती सैलसर गुंडाळली — सैल! हवं तेव्हा येतं की हिला! — टाके पुन्हा सुईवर घेतले, एकही न सोडता, आणि स्वेटर माझ्या पुढं ठेवला. रडली नाही. रडायला तरी हवं होतं.

मी सांगून टाकलं, माझ्या खोलीची पायरी पुन्हा चढायची नाही.

रुची रडली. तिचं काय गेलं होतं?

१७ नोव्हेंबर, सोमवार

परतीची गाडी. सुमित्रा मुद्दाम लांब, दाराजवळच्या बाकावर बसली. एकेक करून तीन-चार जणी तिच्याकडं गेल्या. मला खिडकी मिळाली, समोरची जागा रिकामी. डोंगर बघायला भरपूर वेळ होता. नको झाले डोंगर.

स्टेशनवर तिला घ्यायला तिचा नवरा नंदलाल मोटरसायकल घेऊन आला होता. त्याला काही माहीत नाही बिचाऱ्याला. "मॅडम, तुमाले आधी सोडून देऊ का कुडव्याले? हे थांबते इथं." सुमित्रा मान हलवून हो म्हणत होती. मी ऑटो केला.

१९ नोव्हेंबर

मंडळाच्या ग्रुपवर शुकशुकाट. काल वर्गाला दोघी आल्या, अर्ध्या तासात गेल्या. एक जाता जाता म्हणाली, "मॅडम, एवढं नव्हतं कराले पाहिजे." म्हणजे चोरी तिची आणि चूक माझी! गेल्या तर जाऊ देत.

शालीकरामचा फोन आला होता. "घाई नको करू बाई, मले जुनं स्वेटर पुरते." पुरत नाही, कोपरांना भोकं आहेत, मला ठाऊक आहे. त्या चौदा ओळी पुन्हा घातल्या. थंडीनं उजवी बोटं वळेनात, वेळ लागला, पण झाल्या. घरात मी एकटी, पिशवी माझ्या पलंगावर उशाशी. बघते आता कोण हात लावतं!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज अंगणात उन्हात स्वेटर पसरला. नव्या चौदा ओळी घट्ट. पाठ दोन बोटं आत.

दार बंद होतं. कुणी आलं नाही. पिशवी उशाशीच होती.

हात माझाच. गाडीतही माझाच होता. आणि तिनं दहा जणींसमोर, माझ्या पुढ्यात बसून, माझं उसवलं.

सुमित्राला फोन लावला. उचलला. "सुमित्रा, त्या चौदा ओळी..." एवढंच म्हटलं. पलीकडून म्हणाली, "मॅडम? उजवाच हात ना? बसून राहा तुम्ही, मी येऊन राहिली."