वहिनीच्या लाल गोळ्या

३ जानेवारी २००६
मार्चमध्ये पोलीस भरती. पाच किलोमीटर पळायचं. पास झालो तर वर्दी. नापास झालो तर अनंतादादा मला भिवंडीत स्वतःच्या शेजारच्या लूमवर उभा करणार. आजपासून पहाटे चारला पळणार.
(आज अकराला उठलो. उद्यापासून.)

५ जानेवारी
पळायला निघालो. अंबाडी नाक्यावर दोन रिक्षावाले एकमेकांची गचांडी धरून होते. मीही एकाला लाथ घातली. कोणाच्या बाजूने, ते कळलं नाही. पळणं राहिलं.

९ जानेवारी
भरतीचीच तयारी करणारा गावातला मनोज पळताना पुढे गेला. मी दगड भिरकावला. त्याने मागे येऊन कानाखाली काढली, वर म्हणतो, आदी दम घे, मंग मार. तो बूट घालतो. कच्चा. मी अनवाणी, ओढ्याकडच्या शेतातून, जिथं सगळं गाव डबा घेऊन जातं. पाय तयार होतात.

१२ जानेवारी
भजीच्या कागदावर वाचलं, अंगात लोह कमी असलं की धावणारा लवकर दमतो. पुढचं तेलात गेलं. कमळवहिनीला पाचवा महिना. नर्सबाई तिला लोहाच्या लाल गोळ्या देते. वहिनीला कुठं पळायचंय? रोज दोन घेणार. डबीत तेवढ्याच लाल जिरागोळ्या टाकल्या. चोरी न्हाय, अदलाबदल.

२० जानेवारी
परसाकडे काळी होते. लोह भिनलं. शेजारचा प्रितम हसला म्हणून त्याचा दात पाडला. माझाही एक गेला. चक्कर येते. डोस कमी पडतोय. चार.

२ फेब्रुवारी
वहिनी म्हणाली, भावजी, गोळ्या हल्ली गोड का लागतात वो? म्हटलं, सरकार सुधारलं.

१८ फेब्रुवारी
वहिनी चुलीपाशी कोसळली. नर्सबाईने डबी हुंगली. दादा दोन शिफ्ट मारून आला होता. चुलीजवळची जळणाची फाटीच उचलली. मी जीव खाऊन पळालो. दादाला ना सराव, ना गोळी. शाळा यायच्या आत धरलं. फाटी मोडेपर्यंत हाणलं.

१९ फेब्रुवारी
भिवंडी, दवाखाना. दादा म्हणाला, हिचं रक्त तू खाल्लंस, आता काढून दे. गट जुळला. छाती काढून बसलो.
डॉक्टर म्हणाले, याचं रक्त तर वहिनीपेक्षा कमी. पोटात जंत आहेत. अनवाणी फिरतो का हा?
दादाने हात उगारला. माझ्याकडे बघितलं. हात खाली घेतला. कालच्यापेक्षा हे जास्त लागलं.
रक्त सोबत आलेल्या मनोजने दिलं. बाळ हलतंय म्हणाले.
मनोज खाटेवर पडला होता तेवढा वेळ त्याचे बूट माझ्या हातात होते. सोमवारपासून दादाच्या शेजारच्या लूमवर ड्युटी.