पाच कोसांच्या आतल्या माणसाची खोली

मी, लक्ष्मम्मा भ्रतार माणिकप्पा कलशेट्टी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पूर्वी लॉज व खानावळ, आता काही नाही, राहणार बाजारपेठ, लोहारा, जिल्हा धाराशिव (मी लग्न होऊन आले तेव्हा उस्मानाबाद), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देण्याआधी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितलं. मी एक्कावन्नपर्यंत आले, तेव्हा तेच म्हणाले, पुरे. माझ्या दोन्ही किडन्या थकल्या आहेत आणि मशीनवर बसायला सोलापूरला जायचं मी नाकारलं आहे. हा नकार माझा आहे, मुलांना कोणी दोष देऊ नये.

माझ्यावर कोणाचं दडपण नाही. सोमेशने थोडं आणून बघितलं, पण फोनवरून, आणि फोनवर मला हवं तेवढंच ऐकू येतं.

या कागदात घर आहे, शेत आहे, भांडी आहेत. पण कागद एका खोलीसाठी लिहिला आहे, हे वाचणाऱ्याने आधीच समजून घ्यावं. खोली नंबर तीन.

कलम १. बाजारपेठेतलं कलशेट्टी विश्रांती गृह ही दुमजली दगडी इमारत माझ्या पतीने हयातीतच माझ्या नावे केली, नगरपंचायतीत नोंद आहे. माझ्या सासऱ्यांनी ती निजामाच्या काळात बांधली. दारावरच्या दगडात १३४८ फसली असं कोरलं आहे. खाली खानावळ, वर सात खोल्या, पुढे सागवानी सज्जा. अळंद-गुलबर्ग्याकडचे भुसार व्यापारी, तुळजापूरला निघालेली माणसं, सर्व्हेला आलेले साहेब, सगळे इथे उतरत. ३० सप्टेंबर १९९३ पासून लॉज बंद आहे. गेल्या महिन्यात त्याची दुरुस्ती पुरी झाली.

कलम २. राहतं घर आणि शिवारातली सगळी जमीन मुलगा सोमेश याला. त्याला लॉज पाडून तिथे दहा शटरचं कॉम्प्लेक्स करायचं होतं. नकाशा त्याने पुण्याहून करून आणला होता, मी बघितला, चांगला होता. सोमेश वाईट मुलगा नाही. त्या इमारतीसमोर त्याने आपली आई वर्षानुवर्षं गप्प बसलेली बघितली, मग त्याला ती इमारत कशी आवडावी? पण लॉज त्याला मिळणार नाही.

कलम ३. लॉज मुलगी महेश्वरी हिला. ती वाशीच्या बाजारात खानावळ चालवते आणि गिऱ्हाइकाला ताटावरून उठू देत नाही. तिच्या हाताची शेंगाचटणी माझ्यापेक्षा बरी आहे, हे मी तिला तोंडावर कधी म्हटलं नाही, इथे म्हणते. अटी पुढे लिहिल्या आहेत.

कलम ४. माझे दीर शरणबसप्पा भावजी यांनी १९९४ साली लॉजचे तीस तांब्याचे तांबे कल्हईला म्हणून नेले. अजून कल्हई चालू असावी. त्या तांब्यांपैकी एकाचं झाकण आमच्याकडे राहिलं आहे, ते त्यांना द्यावं, म्हणजे संच पुरा होईल. दुरुस्तीच्या पहिल्या ठेकेदाराला मागच्या अंगणातली सिमेंटची गोणी द्यावी. ती दगड झाली आहे. जुन्या चुन्याच्या भिंतींवर त्याने सिमेंट थापलं, मी तीनदा नको म्हटलं, तो म्हणाला, "आजी, जमाना बदलला." वर्षाच्या आत भिंती घामेजल्या आणि गिलाव्याचे पापुद्रे सुटले.

कलम ५. लॉज का बंद झालं ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. पतींनाही नाही. ते गेले तेव्हा भिंतीच्या भेगेमुळे बंद आहे असंच समजून गेले. आता लिहिते.

सासऱ्यांनी दाराशी एक लाकडी पाटी लावली होती: "पाच कोसांच्या आतील गावच्या इसमास खोली मिळणार नाही." त्यांचं म्हणणं, ज्याचं घर जवळ आहे तो खोली मागतो म्हणजे घरून भांडून आलाय, नाही तर पत्ते आणि दारू. दोन्हीकडून आपल्या दारात तमाशा. नियमात खोट नव्हती. दोन पिढ्या त्याने लॉजची अब्रू राखली. माझं माहेर कानडी मुलखातलं, मराठी वाचायला मी ह्याच पाटीवरून शिकले. कोणतं गाव किती कोसांवर हे मला तोंडपाठ होतं.

अनंत चतुर्दशीचा दिवस होता. गणपतीच्या मिरवणुकीत पती गेले होते, गल्ल्यावर मी. दिवेलागणीला एक जोडपं आलं. तो पायरीच्या खाली उभा राहिला. ती बाहेरच्या कट्ट्यावर बसली, सातवा महिना असावा.

"अम्मा, एक रातीपुरती खोली मिळंल का? हिला दवाखान्यात दावलंय, डॉक्टर म्हनले सकाळी पुन्यांदा आना. मिरवणुकीपायी यष्टी बंद हाय."

"गाव कुठलं?"

"सास्तूर."

मी पाटीवर बोट ठेवलं. त्याला वाचता येत होतं. त्याने पाटी शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाला, "व्हय." वाद घातला नाही. बाईने पाणी मागितलं, मी तांब्या भरून दिला. मग सास्तूरकडे जाणारा ट्रॅक्टर मिळाला, त्यात दोघं बसून गेली. माझ्या पाठीमागे खिळ्याला तीन खोल्यांच्या किल्ल्या लटकत होत्या. सासरे जाऊन दहा वर्षं झाली होती. मला विचारणारं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशीच्या पहाटे भूकंपात काय झालं ते सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. आमच्या लॉजची पश्चिमेची भिंत तडकली, दोन खोल्यांत छतावरच्या माळवदाची माती आली. उजाडल्यावर मी खोली नंबर तीनमध्ये गेले. तीच मी दिली असती, जिना चढून पहिलीच, पोटुशी बाईला सोपी. तिथे पोपडाही पडला नव्हता. स्टुलावरचा तांब्या उभा होता, थोडं पाणी सांडलं होतं, बस.

लोहाऱ्यातल्या बायकांनी भाकरी केल्या आणि आम्ही सास्तूरला नेऊन वाटल्या. तो दगडांच्या ढिगाशेजारी एकटाच बसला होता. मी भाकरी पुढे केली, त्याने घेतली. त्याने मला ओळखलं की नाही ते कळलं नाही. बायको कुठे आहे, हे मी विचारलं नाही.

तेव्हापासून मला फारसं काही वाटत नाही. दुःखही नाही. पती गेले तेव्हा रडू आलं नाही, लोकांनी नावं ठेवली. सोमेशच्या लग्नात मी हसले, पण फोटोवाल्याने सांगितलं म्हणून. जेवते, झोपते, पूजा करते, हिशेबाने बोलते. दर दोन वर्षांनी पती म्हणत, "आता उघडू या का?" मी म्हणे, जिना डुगडुगतो. मग सज्जा. मग वायरिंग. बिचाऱ्यांनी सगळं खरं मानलं.

कलम ६. सहा वर्षांपूर्वी नगरपंचायतीची नोटीस आली: इमारत धोकादायक, दुरुस्त करा किंवा पाडा. पाडा म्हणायला एक शब्द पुरला असता. पण मग खोली नंबर तीनही गेली असती, आणि जी त्या दिवशी दिली नाही ती द्यायची कायमची राहिली असती. म्हणून दुरुस्ती. दागिने त्यात गेले, कोणी शोधत बसू नये.

ठेकेदाराचं सिमेंट सुटल्यावर हार्डवेअरवाल्याने एक गवंडी पाठवला. देवळांच्या डागडुजीत चुन्याचं काम शिकलेला माणूस, केस पिकलेले. तो पायरीच्या खाली उभा राहिला आणि म्हणाला, "अम्मा, आत येऊ का?" मी उभ्याउभ्या ओळखलं. नाव विचारलं तर म्हणाला, उत्तरेश्वर. गाव मी विचारलं नाही.

पाच वर्षं त्याने काम केलं. आधी सगळं सिमेंट खरवडून काढलं. अंगणात खड्डा खणून चुना विरवला, बेलफळाचं आणि गुळाचं पाणी घालून दगडी चाकाच्या घाणीत मळला. माळवदाची हातभर पांढरी माती टोपल्यांनी खाली उतरवली आणि वर हलकं छप्पर घातलं. म्हणायचा, "डोक्यावरचं वजन काढायचं बघा आधी." सागवानी खांब एकेक ओळंब्यात आणले. शहाबादी फरशी नंबर टाकून उचलली आणि होती तशी बसवली. मी त्याला सावकाशपणावरून बोलले, चहात साखर जास्त मागतो म्हणून बोलले. त्या एका गोष्टीवर कधी बोलले नाही. खोली नंबर तीन त्याने सगळ्यात शेवटी घेतली आणि तिथे मदतीला माणूस घेतला नाही.

गेल्या महिन्यात तो जुनी पाटी पुसून घेऊन आला. "अम्मा, ही परत लावायची का?"

मी खुर्चीत होते. पाय सुजलेले होते, उठता येईना. मी म्हटलं, "उत्तरेश्वर, त्या संध्याकाळी गल्ल्यावर मी होते."

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"पयल्या दिशीपासून."

"मग काम का घेतलंस?"

तो पाटी फडक्याने पुसत राहिला. मग म्हणाला, "तुमी पानी आनायला गेला तवा कडूनं वर बगितलं, सज्जाकडं. म्हनली, आतून कसं असंल वो हे? म्या म्हनलं, कुनाला ठावं. म्हून आलो बघाया."

कडू म्हणजे कडूबाई. बत्तीस वर्षांनी मला त्या बाईचं नाव कळलं. मला तेव्हा रडू आलं. लिहिण्यासारखं एवढंच आहे, कारण मध्ये बरीच वर्षं ते आलं नव्हतं. तो उठून चहा टाकायला गेला, माझ्याच स्वयंपाकघरात, आणि साखर जास्तच घातली.

कलम ७. महेश्वरीसाठी अटी. लॉज पाडायचं नाही. भिंतींना सिमेंट लावायचं नाही, कोणी कितीही शिकलेला येऊन सांगू दे. सहा खोल्या तिने तिच्या हिशेबाने चालवाव्यात. खोली नंबर तीन पाच कोसांच्या आतल्या माणसासाठी कायम मोकळी ठेवावी, यात्रा असो की लग्नसराई. कारण विचारायचं नाही. कोणी भांडून आला असेल तर भांडून आला असेल. दवाखान्यासाठी आलेल्याकडून भाडं घ्यायचं नाही आणि त्याला जेवू घालायचं. पाटी जाळायची नाही. ती त्याच खोलीत दाराच्या आतल्या बाजूला लावली आहे, तिथेच राहावी. जो ती वाचेल तो आत आलेला असेल.

ह्या अटी तू पाळतेस की नाही ते बघायला मी येणार नाही, महेश्वरी. पण आतापर्यंत मी तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

कलम ८. हे कलम मी खोडलं आहे आणि खोडलेल्या जागी सही केली आहे. ह्यात खोली नंबर तीन उत्तरेश्वरला हयातीपर्यंत लिहून दिली होती. वकील म्हणाले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्ष करू नये, आणि मला साक्षीला तोच हवा होता. मी त्याला दोन्ही सांगितलं. म्हटलं, तुला हवं ते घे.

म्हणाला, "खोली नगं अम्मा. साक्ष करतो. त्या दिशीचं तुमच्या-माज्याबिगर कुनी बगितलंय?" मग म्हणाला, "एक रात मातुर ऱ्हातो. भाडं देऊन."

भाडं मी घेतलं. नवीन रजिस्टरमध्ये पहिली नोंद त्याचीच आहे. गाव ह्या रकान्यात मी माझ्या हाताने सास्तूर लिहिलं.

कलम ९. मला आमच्या रीतीप्रमाणे बसवून माती द्यावी, गळ्यातलं इष्टलिंग माझ्यासोबत असावं. न्यायच्या आधी लॉजच्या कट्ट्यावर थोडा वेळ ठेवावं. आत नेऊ नये. त्या कट्ट्यावर कडूबाईसारखं बसून तेवढा वेळ वाट बघायची माझी राहिली आहे.

यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. वर लिहिलं ते मी वाचलं, साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं, आणि त्यांच्या देखत सही करते आहे.

स्थळ: कलशेट्टी विश्रांती गृह, बाजारपेठ, लोहारा
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५, सोमवार

(सही) लक्ष्मम्मा माणिकप्पा कलशेट्टी

साक्षीदार
१. (सही) श्रीदेवी गौरीशंकर तोडकरी, निवृत्त शिक्षिका, राहणार लोहारा
२. (सही) उत्तरेश्वर बिभीषण सुरवसे, गवंडी, राहणार सास्तूर, आजचा मुक्काम खोली नंबर तीन