दादाची सिस्टम बंद करताना

प्रिय ठकू,

परवा माझ्यावर चिडलीस ते बरंच झालं. मनात ठेवून गोड बोलली असतीस तर मला जास्त लागलं असतं. "बाबांची सिस्टम मोडीत काढणार आणि त्यांना साधं विचारणारही नाहीस?" असं म्हणून तू फोन आपटलास. तुझा बापही, माझा दादा, रागावला की असाच फोन आपटायचा आणि थोड्या वेळाने जणू काही झालंच नाही अशा आवाजात परत करायचा. तुझा काही परत आला नाही, म्हणून लिहायला बसले. हे मेसेजमध्ये मावणारं नाही आणि फोनवर बोलायला गेले तर मला रडू येईल.

आधी कामाचं सांगते. आपल्या ऑफिसात ज्यांच्या ज्यांच्या वेबसाइट केल्या, त्या सगळ्या दादाने स्वतः लिहिलेल्या सिस्टमवर चालतात. गिऱ्हाइकाने आत जायचं, आपला मजकूर, फोटो बदलायचे आणि बाहेर पडायचं, त्यासाठी ती. बाजारात तयार सिस्टम फुकट मिळत असताना हा नसता उद्योग कशाला, असं मी विचारलं की म्हणायचा, दुसऱ्याच्या घरात खिळा ठोकायचा तरी विचारावं लागतं. खूप वर्षं चालली बिचारी. पण आपण ज्यांचा सर्व्हर भाड्याने घेतलाय त्यांनी कळवलंय की त्यांची जुनी यंत्रणा या महिन्याअखेर बंद होणार आणि नवीवर दादाचं लिखाण चालत नाही. मी दुरुस्त करायला बसले आणि नाकी नऊ आले. त्याने आत जागोजागी स्वतःसाठी 'इथे जपून' एवढंच लिहून ठेवलंय. का जपून, ते त्यालाच ठाऊक.

मग मी आणि रंगाऱ्याने पर्याय शोधायला घेतले. रंगारी म्हणजे आपला डिझाइनवाला, तूच त्याला हे नाव दिलंस आणि आता त्याची बायकोही त्याला तीच हाक मारते. तीन सिस्टम निवडल्या. पहिली फुकट, निम्मं जग वापरतं ती. पण तिची सारखी डागडुजी करावी लागते, नाहीतर कोणीतरी घुसून सगळं नासवून जातं. दुसरीत पानं नुसती ओढून लावायची, दिसायला देखणी. पण उद्या सोडायची म्हटलं तर आपलाच मजकूर बाहेर काढता येत नाही. तिसरीवर रंगाऱ्याचा भारी जीव. पण तिच्यात लिहिलेलं पानावर कसं दिसणार ते लिहिणाऱ्याला कळतच नाही. आपल्या गिऱ्हाइकांतल्या दाताच्या डॉक्टरांना दाखवली तर ते घाबरले. एरवी सगळे त्यांना घाबरतात!

कोणती घ्यायची यावरून मी रंगाऱ्याशी तावातावाने भांडत होते, पण खरं सांगू का, मला एकच बघायचं होतं. यातल्या कशावर दादा परत काम करू शकेल? तो घरी बसला तेव्हा आपण सगळ्यांनी स्वतःची समजूत घातली की थकलाय, विसरतो, विश्रांती घेतली की येईल. त्याची खुर्ची अजून मी कोणाला दिलेली नाही. रंगाऱ्याची पाठ दुखते, ती खुर्ची ऑफिसात सगळ्यांत चांगली आहे, तरी नाही. तू फोनवर 'बाबा येईपर्यंत थांब' म्हणालीस ना, मी त्यासाठीच थांबले होते.

दादाचा पाहुण्याचा नियम तू विसरली नसशील. वेबसाइट गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी, ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही असा कोणीतरी पाहुणा बोलवायचा. त्याला समोर बसवून सांगायचं, पानावरचा फोन नंबर बदला. आपण मागे बसायचं आणि चकार शब्द काढायचा नाही. पाहुणा अडला तर चूक पाहुण्याची नाही, आपली. तूही लहानपणी कितीदा पाहुणी झालीस. बटण सापडलं नाही की भोकाड पसरायचीस आणि दादा तुला समजावण्याऐवजी बटणाची जागाच बदलायचा. तुझी आई म्हणायची, असाच लाडावून ठेव तिला.

तर गेल्या आठवड्यात तुझी आई त्याला ऑफिसात घेऊन आली. इस्त्रीचा शर्ट, नीट केलेली दाढी, बघून मला इतका आनंद झाला! तो मात्र स्वतःच्या खुर्चीकडे न जाता सरळ पाहुण्याच्या खुर्चीत जाऊन बसला. मी म्हटलं, असू दे. पहिल्या सिस्टमवर त्याने हळूहळू, एकेक शब्द वाचत, फोन नंबर बदलला. दुसरीवर बरंच पुढे गेला, मग अडला. तिसरी त्याने बाजूलाच सारली. तिथेच थांबायला हवं होतं. पण मला मोह झाला, मी त्याच्यासमोर त्याची स्वतःची सिस्टम उघडली. वाटलं, डोकं विसरलं तरी बोटं विसरणार नाहीत.

त्याने माउस इकडे नेला, तिकडे नेला. मग माझ्याकडे वळून अगदी अदबीने म्हणाला, "हे कोणी बनवलंय हो? माणूस हुशार दिसतोय, पण दुसऱ्याचा विचार केलेला नाही त्याने. तुम्ही सांगा त्यांना, पण जरा गोडीत सांगा, वाईट वाटेल." मला, ठकू. सख्ख्या बहिणीला तुम्ही म्हणाला. रंगारी उठून कप धुवायला गेला आणि किती तरी वेळ स्वच्छ कप धूत राहिला. मी नियमाप्रमाणे गप्प बसले.

दादाला जमली ती पहिलीच सिस्टम आम्ही घेतली. ती निवडताना तो तिच्यावर काम करेल ही आशा माझ्या मनात उरलेली नव्हती, तरी तीच घेतली. एकेका गिऱ्हाइकाचा मजकूर तिकडे हलवतेय. रोज त्याची एकेक वेबसाइट बंद करताना माझ्या जिवावर येतं, आणि हे घरात कोणाला सांगावं तर तुझ्या आईच्या डोळ्यांत आधीच पाणी असतं.

तू म्हणशील, बाबा तर दर रविवारी माझ्याशी छान बोलतात, नोकरीचं विचारतात, जेवलीस का विचारतात. बाळा, तेच सांगायला हे पत्र लिहिलंय. तुझी आई त्याच्या शेजारी बसलेली असते. फोन लावण्याआधी ती त्याला सांगते की मुलीशी बोलायचंय, ती लांब नोकरी करते, तिला ठकू म्हणायचं. मधेच तुला वाटतं आवाज तुटतोय. तेव्हा ती फोनवर हात ठेवून त्याला पुढचं सांगत असते. इतक्या खटपटीने मिळालेली नोकरी तू सोडून येशील, म्हणून तिने माझ्याकडून वचन घेतलं होतं की तुला कळू द्यायचं नाही. गेल्या रविवारी मी तिथेच होते. तुझ्याशी बोलून झाल्यावर तो तिला म्हणाला, "पोरगी गोड आहे. घरचे काळजी करत असतील तिची." तुझी आई हो म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. एखाद्या सकाळी मात्र तो लख्ख असतो, उठल्या उठल्या विचारतो, ठकू उठली का? अशा सकाळी आता कमी होत चालल्यात. त्यातल्या एका तरी सकाळी तू घरात असायला हवीस, म्हणून मी वहिनीला दिलेला शब्द मोडतेय. रजा मिळाली तर घे. नाही मिळाली तर तशीच नीघ.

तुझीच,
आत्या