पश्चिमेचं दार

उस्मानपुरा,
रविवार दुपार

प्रिय रूपा,

पत्र बघून घाबरू नकोस. मी बरी आहे. रोज संध्याकाळी फोनवर बोलत असताना ताईला पत्राची हुक्की कुठून आली, असं तुला वाटेलच. पण फोनवर तू आधी 'जेवलीस का' विचारतेस, मी 'हो' म्हणते, मग तुझ्या संस्कृतीच्या दहावीचा विषय निघतो आणि बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून आज पेन घेऊन बसले. उजवा हात अजून माझाच आहे, डावा मशीनला देऊन टाकलाय.

इथं ऊन चांगलंच तापलंय. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं आणि डॉक्टरांनी मला दिवसाला जेमतेम तीन पेले पाणी ठरवून दिलंय. त्यामुळे अख्ख्या उस्मानपुऱ्यात पाणीटंचाईची झळ मलाच सगळ्यात कमी लागते. हे मी शेजारच्या लक्ष्मीबाईंना ऐकवलं, तर त्यांना हसावं की रडावं कळेना. डायलिसिस चालूच आहे. आठवड्यातून तीनदा रिक्षाने जाते, चार तास पडून राहते आणि घरी येऊन झोपते.

फेब्रुवारीत तू सोयगावहून आली होतीस, ती तपासणीचे कागद घेऊनच. आपला रक्तगट जुळतो, मी किडनी देते, असं म्हणालीस. मी तुला काय काय ऐकवलं ते तुझ्या लक्षात असेलच. तुला पोरगी आहे, संसार आहे, मी एकटी बाई, नोकरीही संपली, माझ्यासाठी कशाला पोट फाडून घेतेस, असलं सगळं. तू वाद घातला नाहीस. येताना औरंगपुऱ्यात फुटपाथवर घेतलेलं ते जुनं जाडजूड पुस्तक टेबलावर ठेवलंस आणि म्हणालीस, भुताचं आहे, तुला आवडायचं नाही, पण पुष्कळ दिवस पुरेल.

तुझी ही आवड लहानपणापासूनची. आपल्या घरात बाबासाहेबांचा फोटो आणि भूत हे दोन्ही एकत्र नांदूच शकत नव्हते. तू दप्तरात भुतांच्या गोष्टी लपवायचीस, आणि मी मोठी, शहाणी, तुझ्या चहाड्या करायचे. आठवतं, अण्णा आपल्याला दिवेलागणीला गावाबाहेरच्या चिंचेखाली घेऊन गेले होते? शेंगा खायला दिल्या, त्या संपेपर्यंत बसवून ठेवलं आणि विचारलं, दिसलं का काही? मी लगेच नाही म्हणाले. तू म्हणालीस, दिसलं नाही, पण भीती तर वाटलीच की. अण्णा टरफलं झटकून उठलेच होते.

तर ते पुस्तक. पहिली पानं फाटलेली, त्यामुळे नाव माहीत नाही. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीची कुठली तरी इंग्रजी कादंबरी, जुन्या वळणाच्या मराठीत उतरवलेली. समुद्राकाठी कड्यावर एक मोठं ओसाड घर, आणि त्याची राखण करायला आलेली एक अनाथ पोरगी. पश्चिमेकडचं दार कधी उघडायचं नाही, एवढं तिला बजावलेलं. आणि रोज अंधार पडला की त्याच दारावर कुणीतरी थाप मारतं. मी नाक मुरडतच सुरुवात केली. पण डाव्या हातात सुया असल्या की तो हलवता येत नाही, आणि एका हाताने एवढं जाड पुस्तक धरून पान उलटणं जमत नाही. शेजारच्या कॉटवर सिल्लोडकडचे सांडू म्हणून एक जण असतात. त्यांच्या बायकोने, सारजाबाईंनी, ते बघितलं आणि न विचारताच त्या पानं उलटायला येऊन बसल्या. दोन-तीन पानांनंतर म्हणाल्या, "बाई, मी नुसती पानं उलटू व्हय? काय लिवलंय ते तर सांगा." तेव्हापासून मी मोठ्याने वाचते. तीस वर्षं वर्गात ओरडलेला घसा, अजून शाबूत आहे. आता सगळा वॉर्ड ऐकतो. मधेच कुणाचं मशीन वाजायला लागलं, तर बाकीचे वैतागतात.

तुला न सांगितलेली एक गोष्ट सांगते. मार्चमध्ये मी ठरवलं होतं की पुढच्या खेपेपासून जायचंच नाही. कंटाळा म्हणत नाही मी, तो तर होताच. कशासाठी हे सगळं, असं झालं होतं. पण आदल्या खेपेला वाचन थांबलं होतं ते ती पोरगी हातात दिवा घेऊन अर्ध्या जिन्यावर उभी असताना. वर पावलं वाजत होती. जायच्या दिवशी सकाळी मला सारजाबाई दिसायला लागल्या, पान धरून वाट बघणाऱ्या. त्या पोरीला जिन्यावर तसंच सोडून घरी बसायची मला लाज वाटली. उठले, रिक्षा बोलावली.

रूपा, ती पोरगी शूर नाही. पानोपानी घाबरते. पण घाबरत घाबरतच रोज सकाळी घर झाडते, बंद पडलेल्या घड्याळाला किल्ली देते, केस विंचरते. ते वाचल्यापासून मी पुन्हा इस्त्रीची साडी नेसायला लागले. हॉस्पिटलातल्या सिस्टर म्हणाल्या, मॅडम, कुठे लग्नाला निघालात का.

गेल्या आठवड्यात आम्ही त्या दारापाशी पोचलो. बाहेर थापा पडताहेत आणि पोरीचा हात कडीवर. वॉर्डात दोन तट पडले. सांडू म्हणाले, "उघडू नको म्हनावं तिला. लई बेकार जागा हाय ती." सारजाबाई पान उलटायचं विसरून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आन् भाईर जो हुबा हाय त्याचं काय? रोज थंडीवाऱ्यात येतंय, थापा मारतंय अन् माघारी जातंय. उगंच येतंय व्हय?" मग खालमानेने म्हणाल्या, "मला बी यांना किडनी द्यायची व्हती. माझी साखर निघाली, डाक्टर नाय म्हनले. देता येत असून कुनी घेतलीच नसती, तर म्या काय केलं असतं?"

मी चष्मा काढून डोळे मिटून घेतले. सिस्टरला वाटलं बीपी उतरलं.

शेवटी पोरगी दार उघडते. बाहेर भूत नसतंच. माळ्याची म्हातारी बायको असते, घोंगडी घेऊन आलेली. त्या बाजूची भिंत खचत चाललेली असते आणि घर पडायच्या आत पोरीला बाहेर काढायला ती रोज येत असते. अण्णा असते तर हा शेवट ऐकून खूश झाले असते. सांडू मात्र माझ्यावरच चिडले, "मंग येवढे दिस का नाय उघडलं?" मराठीची बाई असूनही मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर तुला देते. मी मरणाला घाबरले नव्हते गं. तुझ्या पोटावर टाके पडतील, तुला काही झालं तर संस्कृतीला काय तोंड दाखवू, याला घाबरले होते. अजूनही घाबरते. पण तू फेब्रुवारीत ते पुस्तक ठेवून सोयगावची एसटी धरलीस, तेव्हा वाटेत तुझं काय झालं असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आता रोज येतं. हे पत्र अतुलरावांना आणि संस्कृतीला वाचून दाखव. डॉक्टर तुझ्या सगळ्या तपासण्या पुन्हा करतील, त्यात तुला जराही धोका दिसला तर विषय संपला. घरात कुणी नको म्हणालं, किंवा आता तुझंच मन बदललं असलं, तरी मी रागावणार नाही, रोज फोनवर जेवले म्हणून सांगेन. पण मला जगायचं आहे, रूपा. हे मी कुणाला म्हटलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही. त्या वेळी तू न मागता देत होतीस. आज मी मागते आहे. देशील का?

तुझीच,
ताई