साहेबांना बोलावून घ्या

जयपूर,
नोव्हेंबर १९८७

प्रिय विभा,

इथे थंडी सुरू झाली. विद्याधर नगरात अजून निम्मी घरं बांधून व्हायची आहेत, त्यामुळे वारा सरळ आमच्या स्वयंपाकघरात घुसतो आणि येताना बांधकामाची वाळू घेऊन येतो. तुझे बाबा मजेत आहेत. ते नेहमीच मजेत असतात. त्यात आता बँकेचं क्रेडिट कार्ड मिळालंय, मग तर विचारायलाच नको. कुणी घरी आलं की चहाच्या आधी कार्ड बाहेर येतं. विमा कंपनीत जन्म काढलेल्या माणसाला प्लॅस्टिकच्या एका तुकड्याचं इतकं अप्रूप! त्यांच्या कार्डाला जोडून माझ्या नावाचंही एक आलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं होतं. लग्नपत्रिकेनंतर माझं नाव कुठे छापलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

दिवाळीआधी अनुसयामावशीसाठी साडी घ्यायला जोहरी बाजारात गेले. आपण नेहमी जातो तेच दुकान. ते लोणी लावून बोलणारे, गादीवर लोडाला टेकून बसणारे शेठजी तुला आठवत असतील. एक जांभळी कोटा साडी पसंत केली आणि ऐटीत कार्ड पुढे केलं. शेठजींनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि फोटो असलेला एखादा कागद मागितला. कुणीतरी चोरीच्या कार्डावर खरेदी करून त्यांना फसवलं होतं, म्हणून आता हा नियम. ठीक आहे, नियम तर नियम. पण मी फोटो आणणार कुठून? पासपोर्ट नाही, लायसन्स नाही. रेशनकार्डावर तुझ्या बाबांच्या नावाखाली मी आहे, पण तिथे कुणाचाच फोटो नाही. कार्डाच्या मागे माझी सही आहे, तशीच सही तुमच्यासमोर करून दाखवते, असं म्हटलं, तर त्यांनी पेनही पुढे केलं नाही.

तेवढ्यात शेजारच्या सफारीवाल्या गृहस्थाने आपलं कार्ड दिलं. यंत्रात घातलं, खर्रकन सरकवलं, सही झाली आणि तो गेलासुद्धा. मी विचारलं, यांचा फोटो नको का? शेठजी अगदी अदबीनं म्हणाले, “उनका तो चेहरा ही बता रहा है, बहनजी. आप साहब को बुला लीजिए.”

आणि बोलावलं त्यांनीच, दुकानातल्या फोनवरून. तुझे बाबा एम. आय. रोडवरच्या ऑफिसातून आले तेव्हा शेठजी उठून उभे राहिले. मी तासभर बसले होते तरी मला पाणी विचारलं नव्हतं, त्यांच्यासाठी थंड पेयाची बाटली आली. मग शेठजींनी विचारलं, या आपल्याच मिसेस ना? तुझ्या बाबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “शक्ल तो कुछ देखी हुई लगती है.”

सगळं दुकान हसलं. शेठजी हसले, साड्यांच्या घड्या घालणारे नोकर हसले, समोर बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. सगळ्यात जास्त तुझे बाबा हसले. मग यंत्र खर्रकन सरकलं, त्यांच्या कार्डावरून. त्यांना फोटो कुणी विचारला नाही. ते कोण, हे त्यांनी सांगितलं म्हणून खरं, आणि मी कोण, हेही त्यांनीच सांगितलं तर खरं.

येताना स्कूटरवर मला सांगत होते की तुला विनोद कळत नाही. पुढे दिवाळीच्या फराळाला जिथे जिथे गेलो तिथे तो विनोद पुन्हा वाढला गेला, चकलीबरोबर. ती साडी मी मावशीला पाठवली नाही. बापू बाजारातून दुसरी घेतली, रोख पैसे देऊन.

मग मी लुना शिकले. मागच्या गल्लीतल्या तारामतीबाईंनी शिकवली, सुभेदारांच्या मिसेस. बाई जवानांना कवायत द्यावी तशा ओरडतात. दोनदा पडले, कोपर सोलपटलं, पण लायसन्स मिळालं. कचेरीतल्या बाबूने माझ्या नावाआधी पतीचं नाव विचारलं, ते असो. फोटोत मी पकडलेल्या चोरासारखी दिसते. ते लायसन्स घेऊन एकटी त्या दुकानात गेले. चांगल्या ढीगभर साड्या उलगडायला लावल्या, मग कार्ड आणि लायसन्स समोर ठेवलं. शेठजींनी लायसन्स बाजूला सारलं. म्हणाले, तुम्हाला कोण ओळखत नाही, तुम्ही तर वसंतराव साहेबांच्या मिसेस. मी ते उचलून त्यांच्या नाकासमोर धरलं. त्यांनी फोटोकडे आणि मग माझ्याकडे नीट पाहीपर्यंत हात खाली घेतला नाही. पाहून झाल्यावर माझं कार्ड उचललं आणि काहीही न घेता पायऱ्या उतरले. बसा म्हणावं घड्या घालत.

आता तुझ्या पत्राबद्दल. तुला स्थळ म्हणून आलेल्या आनंदरावांच्या मुलाने मित्रांसमोर तुझ्या एम. एस्सी.ला रुखवतातलं भांडं म्हटलं, कपाटात शोभेल म्हणाला, सगळे हसले आणि तूही हसलीस. आणि मग मला विचारलंस, आई, मी उगाच मनाला लावून घेतेय का? नाही, विभा. उगाच नाही. असं हसायची सवय लागते, आणि एकदा लागली की आपल्याला काही लागलं होतं हेच आठवेनासं होतं. तुझ्या बाबांचं पत्र या आठवड्यात येईलच. मुलगा हुशार आहे, हसतमुख आहे, असं लिहितील, आणि खाली नेहमीसारखं ‘तुझ्या आईचंही हेच मत आहे’ असं असेल. ते माझं मत नाही. माझं मत हे आहे, माझ्या अक्षरात. होकार की नकार ते तू ठरव. नकार असेल आणि सांगायला जीभ अडखळत असेल, तर कळव. मी पुण्याला येते आणि त्यांच्या दारात उभी राहून सांगते.

कुणी काही म्हणो, तुझ्याच बाजूची,
तुझी आई
मधुमती