दर दोन तासांनी कूस

६ मे, मंगळवार
वडनेरला जाऊन आले. आमच्या रुग्णसेवेच्या ऑफिसने तपासायला दिलेलं नवं घर. एस.टी. फाट्यावर सोडते, पुढे चालत. ऊन असं की छत्रीची दांडी हातात धरवेना.

शेवंताबाई, सत्तरीच्या पुढच्या. डावी बाजू लुळी, चार महिने अंथरुणात. बोलणं घोगरं पण कळतं. मुलगा भास्कर आणि सून रेखा दिवसभर शेतात. सांभाळायला आपल्या ऑफिसची पूजा, तिथेच राहते. मोताळ्याकडची, नवऱ्याने टाकलेली, आईबाप नाहीत. तिला मीच शिकवलंय, हिवाळ्यातल्या सहा दिवसांच्या वर्गात. फार हुशार नाही, पण हात हलका.

माझं काम म्हणजे फॉर्म भरणे. सेवा चांगली आहे का, सुरक्षित आहे का. जन्मभर सरकारी नर्स म्हणून राबले, आता निवृत्तीनंतर दुसऱ्यांच्या चुका शोधत फिरते. माझ्या स्वभावाला शोभणारं काम, असं थोरला म्हणतो.

फॉर्म सगळ्यांसमोर भरायचा. पूजा चहा घेऊन आली ती तिथेच उभी. तिच्याच तोंडावर विचारलं, पूजा कशी आहे? रेखा म्हणाली, "घरची पोरगीच हाय ते. आखाजीले साडी घेतली, ओटी भरली. तिले तरी कोणतं माहेर हाय?"
झालं. आखाजीच्या सणाला साडी नेसवलेल्या लेकीविरुद्ध कोण तक्रार करतं. सगळ्या रकान्यांत 'समाधानकारक'. 'पाठ तपासली' पुढेही खूण केली. तपासली नव्हती. रेखा म्हणाली, आताच निजल्या, कशाले उठवता. आणि मला दीडची गाडी गाठायची होती.

१४ मे, बुधवार
न कळवता गेले. त्या पाठीने झोप लागू दिली नव्हती.

भिंतीवर कूस बदलल्याचा तक्ता. दर दोन तासांनी खूण करायची. घड्याळात साडेअकरा, खुणा संध्याकाळी सहापर्यंत. एकाच पेनाने, एकाच दमात.
"काय गं पूजा, तुझ्याकडे सहा वाजले का?"
आधी हसली. मग डोळ्याला पदर. "सिस्टर, टाइमच नाही भेटत. सकाळून सैपाक, धुणं, पाणी. वावरात भाकरी नेऊन द्या लागते."
म्हणजे घरची पोरगी झाली आणि घरचं सगळं काम गळ्यात आलं. बाहेरची राहिली असती तर बाईंच्या उशाशी तरी बसली असती.

दोघींनी मिळून बाईंना कुशीवर घेतलं. कमरेखाली लिंबाएवढी जखम, पडून पडून झालेली. कडा काळ्या. वास.

ऑफिसने दिलेली हवेची गादी माळ्यावर, गुंडाळून. भास्कर आज जेवायला घरी आला होता, त्याला विचारलं. "प्लास्टिकवर काऊन निजवू मायले? घरचा कापूस हाय." मलकापूरच्या पिंजाऱ्याकडून मुद्दाम भरून आणलेली. घरातली सगळ्यात जाड, सगळ्यात मऊ गादी. बाई तिच्यात अर्ध्या रुतलेल्या, एकट्या पोरीला हलवता यायच्या नाहीत. भास्कर आपल्या हाताने ती गादी थोपटत उभा राहिला. एवढ्या मायेला काय बोलायचं? समजावलं. मान डोलावली.

पूजाला पाणी तापवायला पाठवून बाईंना एकटीला विचारलं, दुखतं का?
"न्हाई."
बाई, जखम आहे तिथे.
"पोरीचं नाव नोका घालू, सिस्टर. आंधीची बाई गेली तवा चार दिवस घाणीत पडून होती मी. हे तोंड तरी पुसते. बोलते माह्याशी."

फॉर्मवर 'सुरक्षित आहे का' पुढे 'नाही' लिहिलं.

१५ मे, गुरुवार
ऑफिस. सुपरवायझर सर माझ्या मुलापेक्षा लहान. फार अदबीने बोलतात, तेच जास्त लागतं. 'नाही' आलं की नियमाने पूजाला काढावं लागतं. बदली बाई? यादीत कोणी नाही. नांदुऱ्याच्या बाजूला, वडनेरकडे, तर कोणीच नाही. "मग ते घर बंद करावं लागेल, सेवाच थांबेल. तुम्हीच ठरवा, सिस्टर."
कोरा फॉर्म पुढे सरकवला.
'हो, सूचना दिल्या' असं लिहिलं. सही केली. कोणी हात धरला नव्हता.
मनात असं की मीच जाऊन ड्रेसिंग करीन. फॉर्मवर काही का असेना, जखम भरली म्हणजे झालं.

१९ मे, सोमवार
वडनेर. जखम धुतली, गॉज भरला. पूजा शेजारी बसून बघत होती. परत शिकवलं. या वेळी नीट लक्ष दिलं तिने. हवेची गादी खाली काढलीय. बाई म्हणाल्या, आंग हलकं वाटते. येताना गाडीत मस्त डुलकी लागली.

२२, गुरु.
वडनेर. तसंच. किंचित लाल मांस दिसतंय, चांगली खूण.

२६ मे, सोमवार
परत कापसाची गादी. तीन दिवस दुपारची लाइट नव्हती, हवा भरायचं यंत्र बंद, गादी बसली. बाई उघड्या बाजेच्या दोऱ्यांवर आल्या. भास्करने आपली गादी घातली. त्यालाही काय म्हणू.

रेखाला बाजूला घेऊन सांगितलं, पूजाला इतर कामं सांगू नका. तिला लागलं ते. "म्या तिले मोलकरीण नाही समजत, सिस्टर. घरची हाय म्हून सांगते. माह्या पोरीले सांगितलं नसतं का?" खोटं बोलत नव्हती.

जखमेत बोटाचं पेर जातं.

डॉक्टरांना दाखवा म्हटलं. हो म्हणाले.

२ जून, सोमवार
मधल्या आठवड्यात जाता आलं नाही. ऑफिसने चिखलीकडची चार घरं लावली. नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही.

आज बाई तापाने फणफणलेल्या. मला ओळखलं नाही, मग ओळखलं. पू. पूजा रात्रंदिवस पंख्याने वारा घालत बसली होती, आता सगळी कामं सोडून. आत्ता.
भास्करला म्हटलं, आजच्या आज हलवा. पावसाआधीची धूळपेरणी अर्धी राहिलीय, मजूर ठरवलेले. "परवा नेतो, पक्कं." मी ओरडले. शेजारचे दारात आले. संध्याकाळी गाडी केली शेवटी, अकोल्याला.

घरी येऊन फॉर्म भरला. 'नाही.' मोठ्या अक्षरात. आता कोणाला उपयोग त्याचा.

४ जून, बुधवार
अकोल्याला जाऊन आले. तिथल्या डॉक्टरांनी भास्करला विचारलं, घरी कोण बघत होतं, इतकं होईस्तोवर? भास्करने मोबाइल काढला. पहिल्या दिवशीच्या फॉर्मचा फोटो होता त्यात, रेखाने काढलेला. पाठ तपासली, सेवा सुरक्षित, खाली माझी सही. "हे सिस्टर येऊन तपासून जात होत्या, साहेब." मला दाखवत होता, आपल्या बाजूची साक्षीदार म्हणून. मनात काही नव्हतं त्याच्या.
डॉक्टरांनी सही वाचली, माझ्याकडे पाहिलं, मोबाइल भास्करला परत दिला. बोलले असते तर बरं झालं असतं.

९ जून, सोमवार
पूजा घरी आली होती. वडनेरचं घर सध्या बंद, म्हणून ऑफिसने तिला मलकापुरातच दिलंय, स्टेशनकडे. एक आजोबा आहेत, तेही पडून. माझेच आधीचे दोन चांगले फॉर्म बघून दिलं म्हणे. माझा 'नाही' लिहिलेला फॉर्म सरांच्या टेबलावरच आहे.
खूश होती. "लोक लय चांगले हायेत, सिस्टर. तठीबी मले पोरीसारखंच ठेवून राह्यले."
मी म्हटलं, स्वैपाक करतेस का त्यांचा?
"हाव. काऊन?"

१२ जून, गुरुवार
रेखाचा फोन, दवाखान्यातून. उद्या कुजलेलं मांस काढणार. हाडापर्यंत गेलंय. वाचल्या तर पंधरा दिवसांनी घरी. डॉक्टर 'वाचल्या तर' म्हणाले, तिने तसंच सांगितलं. मग म्हणाली, "पूजालेच पाठवजा, सिस्टर. दुसरी नाही पाह्यजे. तिले घराची सवय झाली."
मागून घोगरा आवाज. फोन बाईंच्या कानाला लावला तिने.
"सिस्टर, पोरगी माह्यावर रागावली का? भेटाले नाही आली."
नाही बाई, रागावली नाही.
"मंग पाठवता ना?"
हो म्हणाले.
ऑफिसला अजून फोन केलेला नाही.